फरशी वर आली, पण कमोडचा पाइप खालीच राहिला

या वेळी आलेल्या पत्रांत संडास-बाथरूमच्या रिनोव्हेशनचीच पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे. नवी फरशी बसली, जमीन वर आली आणि ड्रेनेजचा पाइप होता तिथेच राहिला. म्हणून आजची सगळी जागा त्यालाच दिलीय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय पण ते सगळ्यांनीच वाचा, कारण त्यातलं पुढच्या उत्तरांत परत लिहिलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार काका. आमचा डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बिल्डिंग १९९८ ची. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, संडासातली जुनी फरशी गुळगुळीत झाली होती आणि बाबा एकदा घसरले, म्हणून खरबरीत टाइल्स टाकायचं ठरवलं. तोडफोड नको, सोसायटीत आवाज नको म्हणून फरशीवरच फरशी चिकटवली. जमीन १८ मिलिमीटर वर आली. कमोड सरळ खाली जाणाऱ्या पाइपवरचा आहे, एस ट्रॅप म्हणतात तो. आता पाइपचं तोंड नव्या फरशीच्या खाली खड्ड्यात दिसतंय. प्लंबर म्हणतो, काही होत नाही ताई, पांढरं सिमेंट भरून बसवून देतो, शंभर ठिकाणी असंच केलंय. फरशीवाला म्हणतो माझं काम संपलं. खालच्या काकूंकडे मागे एकदा आमच्यामुळे गळती झाली होती तेव्हा फार बोलणी खाल्ली होती. आता नवीकोरी फरशी फोडायची का? चार दिवस झाले आईबाबा शेजाऱ्यांकडे जातायत. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी तातडीचं. सिमेंट भरून कमोड बसवू देऊ नका. आणि ते उघडं तोंड आत्ताच्या आत्ता बंद करा, जुन्या कापडाचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडात घट्ट बसवा आणि पिशवीला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक बाहेर नळाला बांधून ठेवा, म्हणजे बोळा आत पडणार नाही. गटाराचा वास तर थांबेलच पण मुख्य म्हणजे टाइलचे तुकडे, सिमेंटचा गाळ, स्क्रू असलं काही पाइपात जाणार नाही. कामाच्या दिवसांत पडलेला सिमेंटचा गोळा बेंडमध्ये, म्हणजे पाइपच्या वळणात, घट्ट बसतो आणि महिन्याभरानं पाइप तुंबला की कुणाला आठवतही नाही की तो कधी पडला.

आता तुमचा प्लंबर म्हणतो शंभर ठिकाणी केलंय. केलं असेल, मला त्यात शंका नाही. पण त्या शंभर घरांच्या खालच्या मजल्यावर दोन वर्षांनी जाऊन छत कुणी बघितलं?

हा जोड कसा चालतो ते एकदा समजून घ्या म्हणजे कुणाशीही बोलताना तुम्हाला ठामपणे बोलता येईल. कमोडच्या बुडाला चिनी मातीची एक तोटी असते, ती पाइपच्या तोंडात म्हणजे कॉलरमध्ये उतरायला हवी. उतरायला हवी म्हणजे वर टेकायला नव्हे. ती आत गेली की फ्लशचं पाणी सरळ पाइपात पडतं, कॉलरच्या कडेपर्यंत येतच नाही, आणि बाजूची फट बुजवायला जे काही लावलंय त्याला फक्त वास आणि शिंतोडे अडवायचे असतात. पण पाइप खाली राहिला की तोटी आत पोचत नाही, मध्ये मोकळी जागा राहते आणि त्या जागेला भिंत असते फक्त पांढऱ्या सिमेंटची. प्रत्येक फ्लशला सगळं पाणी त्या सिमेंटवरून जातं. सिमेंट ना चिनी मातीच्या गुळगुळीत ग्लेजला नीट धरत, ना पीव्हीसीला. त्यात माणूस बसला-उठला की कमोड केसभर का होईना हलतो, सिमेंटला हलणं सहन होत नाही, बारीक चीर जाते, आणि तिथून पाणी जुन्या फरशीच्या खाली शिरतं.

ते लगेच खाली दिसत नाही, खरी गोम इथेच आहे. तुमच्या संडासाखाली स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खोल ठेवलेला असतो, त्याला सन्क म्हणतात, आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा महिनोन् महिने पाणी पिऊन घेतो. तो भरला की मग खाली छताला पिवळा डाग, मग पांढरा खार, मग रंगाचे पापुद्रे. तोवर कमोड बसवणारा कुठे गेला ते कुणालाच माहीत नसतं.

माझ्या आईच्या फ्लॅटमध्ये हेच झालं. फरशी वाढवली, कमोडवाल्यानं सिमेंट भरलं, मी गावाला होतो, आल्यावर वरून बघितलं तर काम छान दिसत होतं. पावणेदोन वर्षांनी खालच्या आजींनी हाताला धरून आत नेलं. त्यांच्या देवघराच्या बरोबर वर ताटाएवढा तपकिरी डाग. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, 'बाळा, मी इथे रोज बसते रे.' ते मी अजून विसरलो नाही, आणि त्यानंतर मी कुठल्याही साइटवर पांढऱ्या सिमेंटचा जोड पास केलेला नाही.

आता तुमचं काम. आधी दोन मापं घ्या. एक, नव्या फरशीपासून पाइपच्या तोंडाच्या कडेपर्यंत खोली किती, तुम्ही १८ मिलिमीटर लिहिलंय पण ती फरशीची जाडी आहे, तोंड मुळातच जुन्या फरशीच्या थोडं खाली असू शकतं. दोन, कमोडची तोटी. गोधडी अंथरून त्यावर कमोड उलटा ठेवा, बुडावर अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी धरा आणि बघा तोटी पट्टीच्या बाहेर येतेय की आतच राहतेय. बऱ्याच मॉडेलमध्ये ती बुडाच्या पातळीपेक्षा थोडी आतच असते. समजा ती १० मिलिमीटर आत आहे, तर तुमची खरी फट १८ नाही, २८ मिलिमीटर आहे. मिस्त्रीच्या भाषेत नऊ सूत, म्हणजे सव्वा इंचाला जरा कमी. एवढ्या फटीत सिमेंट भरणं म्हणजे सिमेंटचाच पाइप बनवणं झालं.

फट लहान असती, पाचदहा मिलिमीटर, तर मी रबरी पॅन कनेक्टर वापरा म्हटलं असतं. त्याची शेपटी पाइपच्या आत जाते, तिच्यावर रबराच्या पाकळ्या असतात त्या आतून पाइपला घट्ट धरतात, आणि वरचं तोंड कमोडच्या तोटीला धरतं. कमोड थोडा हलला तरी रबर त्याच्याबरोबर हलतं, तुटत नाही. तुमच्या केसमध्येही लांब शेपटीचा कनेक्टर कदाचित पुरेल, पण खाली एकदा गळती होऊन गेलीय आणि वर म्हातारी माणसं राहतायत, त्यांना दोन वर्षांनी परत हा सगळा खटाटोप नको, म्हणून मी पाइप वर आणा असंच सांगेन. कनेक्टर लावायचाच, पण पाइप वर आणून मग लावायचा.

आणि हो, फरशी फोडावी लागेल, पण पूर्ण नाही. कमोडच्या बुडाखाली झाकली जाईल एवढीच. कमोड आधी नुसता जागेवर ठेवून बुडाभोवती पेन्सिलने रेघ मारा आणि त्या रेघेच्या दोन बोटं आत राहील असं साधारण आठ इंची भोक पाइपभोवती कापायला सांगा. ग्राइंडरने कापायचं, ब्रेकर अजिबात लावू द्यायचा नाही, ब्रेकरच्या हादऱ्यानं शेजारची टाइल सुटते आणि खालचं वॉटरप्रूफिंग तडकतं. मग छोट्या छन्नीनं हळूहळू कोबा उकरत पाइपची बाहेरची बाजू मोकळी करायची, तीन-साडेतीन इंच खोल. एवढं खोल कशाला, वाढवायचाय तर पाऊण इंच, असं प्लंबर म्हणेल. उत्तर असं की ११० मिलिमीटरच्या पाइपचा कपलर, म्हणजे दोन तुकडे जोडणारा तुकडा, जुन्या पाइपवर पुरेसा खोल बसला तरच तो जोड म्हणायचा. १८ मिलिमीटरची बांगडी कापून तिला कडेवर कड लावून सोल्युशननं चिकटवतात, ती बोटानं दाबली तरी निघते. कापलेल्या कडेची जाडी तीन मिलिमीटर, त्याला धरायला काय मिळणार?

अजून एक चूक होते, ९० मिलिमीटरचा तुकडा आत सारून द्यायचा. बसतो लगेच, दिसतोही नीट, पण मैल्याच्या पाइपचं तोंड बारीक झालं की तुम्ही तुंबण्याला आमंत्रण दिलं. ११० चा पाइप ११०च ठेवायचा.

कपलर बसवताना एक नियम कधीच मोडायचा नाही, कॉलर नेहमी पाणी येतं त्या बाजूला. म्हणजे वरचा तुकडा खालच्याच्या आत उतरला पाहिजे, जसं कौलारू घरात वरचं कौल खालच्यावर येतं. उलटं झालं तर पाणी प्रत्येक वेळी जोडाच्या फटीत शिरायला बघतं. तुमच्या पाइपचं तोंड जर आधीच कॉलर असेल तर काम सोपं आहे, त्यात नवा तुकडा उतरवा आणि त्या तुकड्याची वरची कॉलर नव्या फरशीच्या बरोबरीला किंवा एखादा मिलिमीटर खाली येईल असं माप घेऊन कापा. तोंड साधं कापलेलं असेल तर कपलर लावून वर तुकडा. दोन्ही बाजू आधी पुसून कोरड्या करायच्या, बारीक पॉलिश पेपर मारायचा, सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, दाबून अर्धा मिनिट धरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यात पाणी सोडायचं नाही. पाइप घेताना त्यावर आयएस १३५९२ आणि टाइप बी असं छापलंय का बघा. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला, म्हणजे हवेच्या पाइपला. मैल्याला टाइप बी.

१९९८ ची बिल्डिंग म्हणजे खाली बिडाचा पाइपही निघू शकतो. काळा, गंजाचे पापुद्रे आलेला, टकटक केलं की घंटेसारखा वाजणारा. मग सोल्युशनचा उपयोग नाही, ते बिडाला चिकटत नाही. त्याला स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचा रबरी स्लीव्ह मिळतो, तो बिडावर अर्धा आणि पीव्हीसीवर अर्धा बसवून दोन्ही पट्ट्या आवळायच्या. बीड फुटलेलं किंवा फार गंजलेलं असेल तर मात्र वर काहीही जोडू नका, सोसायटीला कळवून खालपर्यंतचा तुकडा बदलूनच घ्या.

जोड वाळला की भोक भरायच्या आधी टेस्ट. तुमचा तो पिशवीचा बोळा जोडाच्या खाली सरकवून पक्का बसवा, वर कॉलरच्या कडेपर्यंत पाणी भरा, पेनानं खूण करा आणि तासाभरानं बघा. पाणी खाली गेलं तर आधी बोळ्यावर संशय घ्या, तो घट्ट करून परत भरा, तरीही गेलं तर जोड उघडा. नाही गेलं तर मग पाइपभोवती न आकसणारा ग्राउट दाबून भरा, नुसता वाळू-सिमेंटचा माल नको, तो वाळताना पाइपपासून सुटतो. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि ते पाइपच्या बाहेरच्या बाजूवर इंचभर चढले पाहिजेत. वरचं वॉटरप्रूफिंग आपण स्वतः फोडलंय, ते परत बांधून देणं आपलं काम आहे, हे गवंड्याला आधीच स्पष्ट सांगा. मग कापलेल्या टाइलचा तुकडा बसवा.

कमोड बसवल्यावर बुडाभोवती सिलिकॉन मारतात तेव्हा मागच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी सोडायला सांगा. पुष्कळ जण माझ्याशी वाद घालतात, वास येईल म्हणतात. जोड नीट असेल तर वास येत नाही. आणि जोड कधी बिघडलाच तर पाणी त्या मोकळ्या जागेतून तुमच्या फरशीवर येईल, तुम्हाला दिसेल, काकूंच्या छतात जाणार नाही. बाबांचा आधार कमोडच असेल तर तो बोल्टनी जमिनीला पक्का करा, नुसत्या सिमेंटवर बसवलेला कमोड हाताचा भार देऊन उठणाऱ्या माणसासाठी धोक्याचा आहे. बाजूच्या भिंतीला ग्रॅब बारही लावून टाका, प्लंबर आहे तोवर.

सगळं धरून प्लंबरचा एक दिवस आणि गवंड्याचा अर्धा, वाळायची थांबण धरली तर अजून तीन दिवस आईबाबांची गैरसोय. मला कळतंय ते सोपं नाही. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक यांच्यातून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदानंच करायचा असतो, तेव्हा पुढे काही झालं तर काकूंच्या छताचा रंगही तुमच्याकडेच येणार. जमलं तर काम सुरू करायच्या आधी काकूंना एकदा वर बोलवा आणि उघडा जोड दाखवा. आधीच्या बोलण्यांचं ओझं त्यांच्याही मनात असेल.

प्रश्न : बाथरूमला नवी फरशी टाकली, जवळजवळ दीड इंच वर आली. मिस्त्रीनं नहाणीची जाळी उचलून वर बसवून दिली. तीन महिन्यांत बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालून फुगायला लागली आणि जाळीतून कुबट वास येतो. वर पाणी तर लगेच जातंय. — एक वाचक, पुणे

उत्तर : जाळी वर आली, पण तिच्याखाली पाणी साठून राहतं तो ट्रॅप वर आला नाही. जाळी हातानं उचला आणि टॉर्च मारा. खाली ट्रॅपचं तोंड दिसेल आणि जाळी ते तोंड यांच्यामध्ये दीड इंचाची एक डबी दिसेल, तिच्या भिंती म्हणजे टाइलची कापलेली कड, खाली माल, खाली जुन्या फरशीचा जोड. आंघोळीचं पाणी ट्रॅपमध्ये जाताना या कच्च्या भिंतींना भिजवत जातं. भिंतीला ओल तिथूनच चढतेय. कुबट वासही बहुतेक तिथलाच, साबणाचा चिकटा आणि केस त्या खरबरीत कडेला अडकून कुजतात.

नहाणी ट्रॅपवर बसणारा रायझर नावाचा तुकडा दुकानात मिळतो, ट्रॅपच्याच कंपनीचा घ्या म्हणजे खाचा जुळतात. जाळीभोवतीची एक टाइल काढा, रायझर ट्रॅपच्या तोंडात सोल्युशन लावून बसवा, वरची कड फरशीच्या दोन मिलिमीटर खाली ठेवा, बाहेरून ग्राउट आणि वॉटरप्रूफिंग, मग टाइल. ट्रॅपमध्ये पाणी किती उभं राहतं तेही बघून घ्या, ५० मिलिमीटर असायला हवं, तेच पाणी गटाराचा वास अडवतं. त्यात सिमेंट पडून ते उथळ झालं असेल तर वास कधीच जाणार नाही, कितीही फिनेल ओता.

दाराशी काय झालंय ते तुम्ही लिहिलं नाही. बाथरूम दीड इंच वर आली म्हणजे ती आता बेडरूमच्या बरोबरीला किंवा वर असेल, आणि उंबरठा नसेल तर पाणी बाहेर येतच असणार. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा निदान पाऊण इंच खाली असावी. ते आता शक्य नाही तर ग्रॅनाइटचा उंबरठा तरी टाका, त्याच्याखाली वॉटरप्रूफिंग ओढून घ्या आणि दार खालून तेवढं कापा. भिंतीचा गिलावा मात्र पूर्ण सुकल्याशिवाय रंगवू नका.

प्रश्न : आमचा कमोड भिंतीत जाणारा, पी ट्रॅप. फरशी ३८ मिलिमीटर वर आली. आता कमोडचं मागचं तोंड आणि भिंतीतलं भोक जुळत नाही. दुकानदार म्हणतो जोड वाकडा असलेला कनेक्टर घ्या, होईल. होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ३८ ला मी तरी नको म्हणेन. वाकडा कनेक्टर पंधरा-वीस मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे रबर ताणलेलंच राहतं आणि ताणलेलं रबर एक दिवस सुटतं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे, कमोड वर गेलाय आणि भोक खाली राहिलंय, म्हणजे पाणी उताराकडेच जातं. फरशी खाली गेली असती तर चढ झाला असता आणि मैला मागेच थांबला असता.

भिंतीतलं भोक वरच्या बाजूनं वाढवा, ११० चा पाइप नव्या उंचीला आणा, आणि भिंतीमागच्या पाइपांच्या डक्टमध्ये ४५ अंशाचे दोन बेंड लावून तो जुन्या टीपर्यंत, म्हणजे तीन तोंडांच्या जोडापर्यंत, हळूच खाली उतरवा. ९० अंशाचा एकच बेंड टाकून खड्या कोनात पाडू नका. नव्या उंचीचं माप कमोडच्या कॅटलॉगमधून घेऊ नका, प्रत्यक्ष कमोड तयार फरशीवर ठेवा आणि तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण १८० ते १८५ मिलिमीटर येतं पण साधारणवर भिंत फोडायची नसते. दुकानात वळ्यावळ्यांचा लवचीक पाइपही मिळतो, तो पटकन बसतो म्हणून लोक घेतात. त्याच्या आतल्या वळ्यांत घाण थांबते, दोन दिवसांच्या सोयीपुरता ठीक, कायमचा नको.

प्रश्न : काका, आम्ही चिपळूणचे. २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात घरात छातीभर पाणी होतं, संडासातून उलटं घाण पाणी वर आलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता बैठं घर दुरुस्त करतोय, सगळ्या घराची जमीन एक फूट वर घेतोय. एका फुटानं पूर अडत नाही हे माहितीय, पण दरवर्षीचं अंगणातलं पाणी तरी आत येणार नाही. संडासची लाइन चिनी मातीच्या पाइपची, बाहेर अडीच मीटरवर चेंबर, मग सेप्टिक टँक. सगळी लाइन उकरून वर घ्यायची का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. लाइन धड असेल तर ती खालीच राहू द्या, फक्त कमोडखालचा उभा तुकडा एक फूट वाढवा. आधी चेंबरचं झाकण काढा, संडासात दोन बादल्या पाणी एकदम ओता आणि चेंबरमध्ये किती वेळात, किती जोरानं येतं ते बघा. अडकत, थोडं थोडं येत असेल किंवा मातीचं गढूळ येत असेल तर चिनी मातीच्या पाइपचे जोड सुटलेत, पुराच्या गाळानं आणि झाडांच्या मुळांनी ते होतंच, मग ती अडीच मीटरची लाइन पीव्हीसीनं बदलून टाका, जमीन उघडीच आहे तर आत्ताच. उतार एका मीटरला २५ मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटरला साठ-पासष्ट मिलिमीटर. जास्त उतार दिला की चांगलं असं नाही.

उभा तुकडा एक फुटाचा झाला की खालच्या बेंडवर पाणी जोरात पडणार, म्हणून तो बेंड काँक्रीटमध्ये पक्का बसवा आणि शक्य असेल तर ४५ चे दोन वापरा. मला जास्त काळजी भरावाची आहे. एक फूट भराव म्हणजे पुष्कळ. जांभ्याचे तुकडे आणि माती एकदम ओतून वर फरशी टाकली तर पहिल्या दोन पावसाळ्यांत भराव बसतो, फरशी त्याच्याबरोबर खाली जाते, पाइप मात्र खालच्या बेंडवर उभा असल्यामुळे जात नाही. मग पाइपच कमोडला खालून वर ढकलतो आणि कमोडचं बूड तडकतं. सहा-सहा इंचांचे थर घाला, प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करा, पाइपभोवती वाळू भरा, आणि घाई करू नका. पाइप भरावात सरळ उभा राहतोय का ते प्रत्येक थराला ओळंबा लावून बघा.

चेंबरचं झाकण घराबरोबर वर घ्यायचा मोह होईल, तो टाळा. झाकण अंगणाच्या पातळीला ठेवा, घरातल्या फरशीपेक्षा खाली. लाइन तुंबली तर घाण आधी अंगणात दिसेल, संडासात नाही येणार. तुम्ही जमीन वर घेताय त्याचा हा मोठा फायदा आहे, तो हातचा घालवू नका.

उलट्या पाण्यासाठी घर आणि टँक यांच्यामध्ये, चेंबरमध्ये हात पोचेल असा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा. मृगाच्या आधी दरवर्षी तो उघडून साफ करायचा, झडपेत केस-चिंध्या अडकलेल्या असतील तर तो बंद होत नाही आणि नेमका पुराच्या रात्री उघडा राहतो. तो बंद असताना घरात फ्लश करायचं नाही, कारण तुमचं पाणीही बाहेर जाणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि पूर ओसरल्यावर लगेच गाडी बोलावून टँक पूर्ण उपसू नका. जमीन चिंब असताना टँक रिकामा झाला की बाहेरच्या पाण्याचा दाब त्याच्यावर येतो, प्लास्टिकचा टँक वर उचलला जातो आणि विटांच्या टँकच्या भिंती आत येतात. अंगणातलं पाणी उतरून जमीन निवळू द्या, मग उपसा.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हणून देशी संडासचा वेस्टर्न करायचाय. देशी संडास सहा इंचाच्या ओट्यावर आहे. ओटा काढून जमीन बाहेरच्या बरोबरीला आणायची आहे. म्हणजे तुमच्याकडे लोक पाइप वर कसा घ्यायचा विचारतात, आमचा पाइप खाली न्यावा लागेल असं वाटतं. प्लंबर म्हणतो ओटा राहू द्या, त्यावरच कमोड ठेवू. — एक वाचक, सांगली

उत्तर : ओटा राहू देऊ नका ताई. गुडघे गेलेल्या माणसाला सहा इंचाची पायरी चढून, वळून, मग बसायचंय, आणि रात्री झोपेत उतरायचंय. ज्या कारणासाठी काम काढलं तेच राहून जाईल.

पण तुमच्या कामात पाइपच्या उंचीपेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे आणि ती प्लंबर विसरतात. देशी भांड्याच्या खाली वेगळा ट्रॅप असतो, वाकडा, ज्यात पाणी उभं राहतं. वेस्टर्न कमोडच्या पोटातच स्वतःचा ट्रॅप असतो. जुना खालचा ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड बसवला की एकामागे एक दोन ट्रॅप होतात, मध्ये हवा कोंडते, आणि फ्लश केलं की पाणी भांड्यात वर चढतं, गोल फिरतं आणि रेंगाळत खाली जातं. मग टाकी बदला, कमोड बदला असं सुरू होतं आणि दोष जमिनीखाली असतो.

ओटा फोडला की बहुतेक वेळा भांडं आणि त्याच्याखालचा ट्रॅप दोन्ही मोकळे होतात. ट्रॅप पूर्ण काढा. मागे जो पाइप राहील त्याचं तोंड कुठल्या उंचीला आहे ते मोजा. ट्रॅप गेल्यामुळे इंचांच्या हिशोबात जागा मिळते, त्यामुळे सहा इंच खाली येऊनही पुष्कळदा पाइप खाली न्यावा लागत नाही, नुसता बेंड बदलून तोंड भिंतीपासून योग्य अंतरावर आणलं की झालं. ते अंतर कमोड विकत घ्यायच्या आधी मोजा, तयार भिंतीच्या टाइलपासून पाइपच्या मध्यापर्यंत, साधारण नऊ किंवा बारा इंचांचे कमोड मिळतात आणि तुमच्या मापाचाच आणावा लागेल. आणि पाइप आडवा जाताना तयार फरशीच्या खाली पुरेसा झाकला जातोय का ते बघा, वर निदान दोन इंच माल हवा.

कमोडची उंचीही दुकानात बसून बघा, सासूबाईंना शक्य असेल तर बरोबर न्या. गुडघ्याच्या माणसाला साध्या कमोडपेक्षा दोन इंच उंच मॉडेल बरं पडतं, आणि फरशी किती जाडीची येणार ते आधी ठरवून त्यावरून उंची धरा. ट्रॅप काढल्यावर पाइपात टॉर्च मारून आत जुना चुना, खडे, विटांचे तुकडे नाहीत याची खात्री करा, एक बादली पाणी जोरात ओतून बघा, आणि ते न अडखळता गेलं तरच पुढचं काम सुरू करू द्या.